म्हशीच्या अंगावरची शाल

चन्नवीरनं गौराक्काच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि चुलींपुढच्या सगळ्या बायका रडायला लागल्या.

त्याला वाटलं आनंदाश्रू. तो माईकवरून म्हणाला, "बघा, याला म्हणतात भावनिक नातं." माईकची तिथं काही गरज नव्हती. आमचा भाकरीचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. एका भिंतीला चुलींची रांग, दुसऱ्या भिंतीला पिठाची पोती. तिथं कोणी शिंकलं तरी सगळ्यांना ऐकू जायचं. पण पुण्याचं शिबिर करून आल्यापासून धाकटे मालक माईकशिवाय तोंड उघडत नव्हते.

"टीम," तो म्हणाला. बायकांना तो आता टीम म्हणायचा. "गौराबाईंनी तीस वर्षं आपल्यासाठी हात भाजून घेतले. आता त्यांच्या कष्टांची दखल घ्यायची वेळ आली आहे. जोरदार टाळ्या."

टाळ्या कशाच्या वाजतात. चन्नवीर एकटाच वाजवत होता, तोही काखेत माईक धरून, त्यामुळे शेडभर नुसती खरखर.

"आणि मॅनेजमेंटकडून एक सरप्राइज. गौराबाई, आता तुम्ही घरी जा. मस्त आराम करा."

हे ऐकल्यावर शेजारच्या चुलीवरच्या महानंदानं तोंडात पदर कोंबला. गौराक्का मात्र रडली नाही. तिनं हातातल्या नारळाकडे पाहिलं, मग चन्नवीरकडे. ती बाई तोंडाची फटकळ. पीठ नीट चाळलं नाही म्हणून पीठवाल्याला गेटपर्यंत पिटाळलेली. ती आता काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. पण ती आपल्या चुलीशी गेली, जळती लाकडं बाहेर ओढली, त्यांच्यावर पाण्याचा हबका मारला. तवा उतरवून ठेवला आणि तो निवेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहिली. मग चुंबळ करून तवा डोक्यावर घेतला. भाकऱ्यांचे गठ्ठे बांधायचं माझं टेबल पुढच्या दाराशी होतं. तिथं जरा थांबली.

"सुगले, येते."

"ये," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

चन्नवीर मागून मोबाइलवर तिचं चित्रीकरण करत होता.

आता ही भानगड नीट कळायची तर चन्नवीरच्या वडिलांबद्दल सांगायला पाहिजे. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. सोलापुरात कडक भाकरी घरोघरी होते, पण ती पाकिटात घालून मुंबई-पुण्याला विकायची ही अक्कल आमच्या भागात पहिल्यांदा अप्पांना सुचली. कडक भाकरी म्हणजे हातावर पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर कापडानं दाबून दाबून तिच्यातलं पाणी घालवायचं. नीट जमली तर महिनाभर कुरकुरीत राहते. नाही जमली तर चामडं. कामावर येणारी बाई घरून आपला तवा घेऊन यायची, कारण दुसरीच्या तव्यावर हात बसत नाही. आणि काम सोडताना तवा घेऊन जायची.

अप्पांना बोलायचा कंटाळा. नुसता कंटाळाही नाही, कंजूषपणाच तो. भाकरी बिघडली की शेड डोक्यावर घ्यायचे, पण चांगली झाली तर एक शब्द नाही. फक्त रोज सकाळी चुलींच्या रांगेतून हात मागे बांधून चालत यायचे, एका बाईच्या टोपलीसमोर थांबायचे, वरची भाकरी उचलून मोडायचे आणि तिथंच उभ्यानं खायचे. संपूर्ण खाल्ली की हात झटकून मागच्या दारानं निघून जायचे. झालं. ज्या बाईची भाकरी मोडली ती दिवसभर कोणाशी सरळ बोलायची नाही, एवढी चढलेली असायची. आणि अप्पांचं बोट चुकायचं नाही. त्या दिवशी जिची भाकरी खरोखर सगळ्यांत उजवी तिच्याचपुढे ते थांबायचे. बहुतेक वेळा गौराक्कापुढे. माझ्या टेबलापर्यंत ते कधी आले नाहीत. मागच्या दारानं बंगला जवळ पडायचा.

मला या प्रकाराची चीड यायची. तोंडानं 'बरी झाली' म्हटलं असतं तर काय जिभेला फोड आले असते? पण गौराक्काला तेवढंही पुरायचं. माझ्यापाशी येऊन सांगायची, "आज म्हातारा तुकडाबी न ठेवता खाऊन गेला." जणू सोन्याचं कडं दिलं.

आणि अप्पांची दुसरी रीत शालीची. एखाद्या बाईचे हात कापायला लागले, धुरानं दिसेनासं झालं, की अप्पा तिला सगळ्यांसमोर बोलवायचे. शाल, नारळ, आणि "आता घरी आराम करा." त्याच दिवशी ती बाई चूल विझवून तवा घेऊन घरी. आजवर शेडमध्ये शाल मिळाली ती फक्त अशा बायकांना. आम्ही त्या शालीला घरची वाट म्हणायचो. सणाला कोणी नवी शाल पांघरून आली तरी बायका अंगावरून झटकून टाक म्हणायच्या.

वर्षापूर्वी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. कारखाना चन्नवीरकडे आला. हा मुलगा त्याच शेडच्या मागे लहानाचा मोठा झाला, पण शेडमध्ये त्याचा पाय टिकला नाही. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणायचा. कडक भाकरी खात नव्हता, दातांना लागते म्हणायचा. सकाळी दुधात कसलासा परदेशी भुसा भिजवून खायचा, तो पौष्टिक असतो म्हणे. ज्याच्या घरात ज्वारीची रास पडलेली त्यानं भुसा विकत घ्यावा, यावर मी काय बोलणार.

मग तो पुण्याला कुठल्याशा हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर करून आला. 'कौतुकातून उत्पादकता.' तिथल्या सरांनी सांगितलं म्हणे, की माणसाची स्तुती केली की त्याचं काम वाढतं. एवढं कळायला त्यानं किती मोजले ते विचारू नका, मलाही माहीत नाही. आल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं शेडमध्ये 'आमचे तारे' असा फलक लावला. रोज सकाळी कामाआधी उभं राहून सगळ्यांनी स्वतःसाठी टाळ्या वाजवायच्या. चुलीपुढून जाताना जी दिसेल तिला "एक नंबर", "जबरदस्त", "कमाल" म्हणायचं. एकदा महानंदा नुसतीच जांभई देत बसलेली, तिलाही "कमाल" म्हणून गेला. ती दचकून मला विचारायला आली, "सुगलाबाई, मी काय केलं?"

मलाही चांदणीचं एक चिकटपट्टीचं चित्र मिळालं. त्यावर लिहिलेलं, 'सदा हसतमुख'. मी कधी हसते? माझं तोंड बघून दुधवाला हिशोब विसरतो. मी ती चांदणी टेबलाच्या पायाला चिकटवली.

बायकांनी सुरुवातीला हे सगळं ऐकून घेतलं. पहिल्या आठवड्यात लाजल्या, दुसऱ्यात हसल्या. तिसऱ्यात कोणी वरही बघेना. चन्नवीर "एक नंबर" म्हणत गेला की चुलीतलं लाकूड फुटल्यासारखं वाटायचं, आवाज झाला, संपलं. भाकऱ्या मात्र बिघडायला लागल्या. कच्च्या, जाड, कडांना करपलेल्या. बोलणारं कोणी नाही, सगळ्याच एक नंबर. गौराक्का तेवढी पूर्वीसारखी करत होती. सकाळी टोपली भरली की मागच्या दाराकडे बघायची. मग पदरानं तोंड पुसून पुढची भाकरी थापायची.

आणि भोगीच्या आदल्या दिवशी, मुंबईची ऑर्डर डोक्यावर असताना, त्याला मोठं कौतुक सुचलं. शिबिरात सांगितलेलं, सर्वोत्तम कामगाराचा जाहीर सत्कार करा. सत्कार म्हणजे शाल-नारळ, हे त्याला कुठूनतरी माहीत होतं. बापाच्या कारखान्यात शाल कधी देतात, हे तेवढं माहीत नव्हतं.

तासाभरानं तो माझ्या टेबलाशी आला.

"सुगलाबाई, गौराक्का कुठंय? फोटो फलकावर लावलाय, दाखवायचा होता."

"ती गेली की."

"मी आराम करा म्हटलं ते जेवणानंतर. अर्धा दिवस सुट्टी दिलीय. बोनस म्हणून."

"तुम्ही तिला काढलं," मी म्हणाले.

"कोणी काढलं? मी तर मोटिव्हेट केलं."

मग मी त्याला सांगितलं. शालीचं, नारळाचं, तव्याचं. सगळं ऐकताना त्याचं तोंड हळूहळू उघडं पडत गेलं. मला वाटलं शरमला. नाही. तो म्हणाला, "अरे बापरे, पण मग मुंबईची ऑर्डर?" गौराक्काची चूल पहिली. तिची आच बघून बाकीच्या आपली आच ठेवायच्या. ती चूल विझली आणि तासाभरात शेडमधून करपल्याचा वास सुटला होता.

"चला," तो म्हणाला. "तुम्ही चला बरोबर. ती तुमचं ऐकते."

ती कोणाचंच ऐकत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. मला बघायचं होतं.

वाटेत त्यानं फुलांचा गुच्छ घेतला. जरबेराची फुलं, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. गाडीत मला म्हणाला, "बघा, चूक माझीच. संवाद कमी पडला. अजून कौतुक करायला पाहिजे." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. या माणसाला झोपेत जरी विचारलं तरी तो अजून कौतुक करायला पाहिजे म्हणेल.

गौराक्काचं घर शेळगीच्या बाजूला, गावाबाहेर. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात म्हैस. गाडीतून उतरलो आणि पहिली दिसली ती शाल. म्हशीच्या पाठीवर. थंडी होती, म्हशीला लागू नये म्हणून गौराक्कानं ती पसरून पोटाखालून सुतळीनं बांधलेली. जरीचा काठ शेपटीकडे. नारळ फोडून एव्हाना चटणीत गेला होता, करवंटी उंबऱ्याशी पडलेली.

चन्नवीरनं शालीकडे पाहिलं, मग गुच्छाकडे.

गौराक्का अंगणातल्या चुलीशी बसून भाकऱ्या करत होती. तिनं मान वर केली नाही. "यावा मालक. बसा. सुगले, तू पाणी पी."

"गौराक्का, गैरसमज झाला," चन्नवीर म्हणाला. "तो सत्कार होता. तुम्ही आमच्या स्टार आहात."

"हिनं सांगितलं नसेल तुमाला. आपल्यात शाल कशाची असती ते."

"सांगितलं की. चूक झाली. पण माझा हेतू तुमचं कौतुक करायचा होता."

"कौतुक," गौराक्का म्हणाली. तोंडात खडा आल्यासारखं म्हणाली. "कशाचं?"

"तुमच्या भाकरीचं."

"तुमी खाल्ली का कधी?"

आता इथं एखाद्या शहाण्या माणसानं खाली बघितलं असतं. पण चन्नवीरच्या डोक्यात शिबिर होतं. म्हशीच्या दावणीशेजारी एक टोपली होती, तिच्यात भाकऱ्यांची चळत. त्यानं पुढं होऊन वरची भाकरी उचलली, मोडली आणि मोठा तुकडा तोंडात घातला. अगदी बापासारखा उभ्यानं. फक्त बाप डोळे मिटून खायचा, आणि हा आमच्या तोंडाकडे बघून खात होता.

गौराक्कानं काही बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते. ती काय करते ते मला कळलं. तिनं त्याला खाऊ दिलं.

चावता चावता त्याच्या कपाळाला आठी पडली. क्षणभरच. मग त्यानं घास गिळला, मान हलवली आणि म्हणाला, "अप्रतिम. हीच ती चव, अक्का. एक नंबर."

"ती म्हशीची हाय," गौराक्का म्हणाली.

 म्हशीनं कान हलवला.

"बाजरीचं पीठ कडू झालं, गेल्या महिन्याचं. टाकवंना म्हणून म्हशीला भाजून ठेवल्या. कडू लागली न्हाई का तुमाला?"

चन्नवीरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "थोडी लागली."

"मग?"

"शिबिरात सांगितलंय, आधी चांगलं बोलायचं."

"कशापायी?"

हा प्रश्न त्याला शिबिरात कोणी विचारला नसावा.  मग जे होतं तेच बोलला, आणि मला वाटतं, त्या महिन्याभरात तो तेवढंच एक खरं बोलला. "त्यानं माणसं जास्त काम करतात."

गौराक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. कापडानं दाबली. मग म्हणाली, "मालक, मला परत यायचंय. खोटं कशाला बोलू. घरात बसून माझे हात नासतील. दुसरं काय येत न्हाई मला, आणि ती चूल मी माझ्या हातानं लिंपलेली हाय. पण मला एक सांगा. माझ्या भाकरीत काय चांगलं असतं? एकच सांगा. मी सकाळी तवा घेऊन येते."

मी चन्नवीरकडे बघितलं.  मनात म्हटलं, अरे गाढवा, बोल. कडा मधल्याइतक्याच पातळ असतात म्हण. तीळ एकही सुटत नाही म्हण. मोडली की दोन तुकडे होतात, चुरा होत नाही म्हण. आणि यातलं काहीच येत नसेल तर मला माहीत नाही, शिकवा म्हण. त्यावरही ती आली असती.

"क्वालिटी," चन्नवीर म्हणाला. "सातत्य. आणि तुमचं समर्पण."

गौराक्कानं मान डोलावली. "ते माझ्या फोटोखाली लिवा," ती म्हणाली.

तो निघाला. गुच्छ कुठं ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून दावणीच्या कडेला ठेवला. म्हशीनं प्लॅस्टिकसकट ओढला, तेव्हा गौराक्काला उठून तिच्या तोंडातून तो काढावा लागला. चन्नवीर गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानं जा म्हणून सांगितलं. माझं काम त्याच्याकडे होतं, पण त्या वेळी मला त्याच्या शेजारी बसवलं नसतं.

गौराक्का म्हशीपाशीच उभी राहिली. शालीच्या जरीवर माशा बसत होत्या, त्या तेवढ्या हाकलत राहिली. मग आत जाऊन ताजं पीठ घेऊन आली. एकच भाकरी थापली. मी शेडमध्ये तिला हजारदा बघितलं असेल, पण त्या दिवशी तिचे हात जरा सावकाश चालत होते. तीळ लावले, भाजली, कडेकडेनं दाबत कोरडी केली. निवल्यावर पांढऱ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिली.

"उद्या भोगी हाय. म्हाताऱ्याला दे."

"आता तुला त्याचं काय?"

"दे म्हणते ना. आणि काय म्हणतोय बघ."

"तो काय म्हणणार, गौराक्का. आधी बोलत नव्हता, आता बोलता येत नाही."

"बघ तरी," ती म्हणाली.

संध्याकाळी दिवेलागणीला मी बंगल्यावर गेले. अप्पा मागच्या खोलीत खाटेवर, उशांना टेकवून बसवलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला त्यांनी ओळखलं की नाही देव जाणे. मी सांगितलं, "गौराक्कानं दिलीय. भोगीची." आणि फडकं सोडून मांडीवर ठेवलं.

त्यांनी डाव्या हातानं भाकरी मोडली. टक्क आवाज झाला आणि दोनच तुकडे पडले. त्या आवाजानं त्यांचे डोळे हलले. तुकडा तोंडात घेतला. आता चावता येत नव्हतं, म्हणून घोळवत बसले, कितीतरी वेळ. मला वाटलं, चला, नेहमीसारखं खातील आणि हात झटकतील, मी जाऊन तसं सांगेन.

त्यांनी हात झटकला नाही. माझ्याकडे बघून तोंड हलवायला लागले. घशातून आवाज आला, घोगरा, ओढून आणलेला. पुन्हा आला. ओठ जुळवून काहीतरी पहिलं अक्षर काढायची त्यांची धडपड चाललेली. लाळ गळाली. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं, उरलेल्या भाकरीकडे बोट केलं, आणि परत तोच आवाज.

त्यांना बोलायचं होतं.

मला त्यांची कीव आली असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल. पण नाही आली. मला राग आला, संताप आला. इतकी वर्षं ही जीभ धडधाकट होती. पीठवाल्याला शिव्या द्यायला चालायची, सरपणवाल्याशी घासाघीस करायला चालायची. रोज सकाळी ती बाई मागच्या दाराकडे डोळे लावून बसायची आणि याला दोन शब्द जड होत होते. पोरगा तोंडाला येईल ते उधळतो, बापानं आयुष्यभर साठवून ठेवलं, आणि दोघांकडून तिच्या पदरात पडलं काय, तर एक शाल. मी मनगट सोडवून घेतलं, लाळ पुसली आणि फडकं घेऊन निघाले. दारातून मागं बघितलं तर अप्पा उरलेला तुकडा तोंडाकडे नेत होते.

सकाळी कामाला जायच्या आधी मी शेळगीला गेले. गौराक्कानं अंगणातली चूल नवी लिंपायला घेतली होती, कोपरापर्यंत हात मातीत. म्हशीच्या अंगावर शाल तशीच.

"काय म्हणाला?"

वाटेत मी ठरवलं होतं, सांगायचं, गप बसून सगळी खाल्ली. तिला तेच आवडलं असतं. पण कालचा तो पोरगा आणि त्याचं "अप्रतिम" माझ्या कानात होतं.

"बोलायचं होतं त्यांना," मी म्हणाले. "फार धडपडले. जमलं नाही."

तिचा हात चुलीवर थांबला. मग तिनं ओली माती परत सारखी करायला सुरुवात केली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात मातीचे म्हणून ते पुसताही येत नव्हतं. "आत्ता व्हय," ती म्हणाली. "आत्ता आठवलं म्हाताऱ्याला."

मी तिच्या पदराच्या टोकानं तिचं तोंड पुसलं. तिनं नाक ओढलं.

"परत जाणार नाहीस ना?" मी विचारलं.

"न्हाई. हितंच करीन. दारात विकीन." चूल एका बाजूनं पुरी करून ती दुसऱ्या बाजूला सरकली. मला वाटलं बोलणं संपलं, म्हणून मी उठले, चपला पायात घातल्या.

"सुगले."

"काय?"

"ती मुंबईची बाई हाय बग, दर साली गड्ड्याच्या जत्रंला येती. मागल्या खेपंला म्हणाली, तुमच्या कारखान्याची भाकरी एवढ्या लांब येती, पण एकबी मोडत न्हाई. दुसऱ्यांची पाकिटं फोडली की निम्मा चुरा." ती माझ्याकडे बघत नव्हती, चुलीचं तोंड बोटानं गोल करत होती. "तू मधी मधी कागद घालतीस, आणि कडंला दुमडतीस न्हवं, त्यामुळं. मी बघितलंय तुला करताना. दुसरी कोण तसं करत न्हाई. सांगीन सांगीन म्हणत ऱ्हाऊन गेलं."

मी अठरा वर्षं त्या टेबलाशी गठ्ठे बांधले होते. अप्पा कधी आले नाहीत. चन्नवीरनं मला हसतमुख ठरवलं होतं. आणि एवढा वेळ दोघा बापलेकांच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडत आलेली मी, मला एक शब्द सुचेना. 

मी जाऊन म्हशीपाशी उभी राहिले. तिच्या अंगावरची शाल एका बाजूला घसरलेली, ती नीट करत बसले. सुतळी सोडली, परत बांधली. परत सोडली.

"अगं, कामाला उशीर व्हईल तुला," गौराक्का मागून म्हणाली.

"होऊ दे," मी म्हणाले. मग चपला काढल्या आणि तिच्यासमोर बसून माती कालवायला घेतली.